जुन्या गाडीचा संसार

पावसाळा सरून आश्विनाचे ऊन पडू लागले, की आमच्या सिल्वासात दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक दवाखान्यात आणि दुसरी गॅरेजात. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेतलेली माणसे आणि वाहने एकाच सुमारास कुरकुरू लागतात. फरक इतकाच, की माणूस आपले दुखणे वैद्याला शब्दांत सांगतो. गाडीचे दुखणे मालकाला कानांनी, नाकाने आणि तळपायाने ओळखावे लागते. ही विद्या कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. मी सरकारी शाळेचा मुख्याध्यापक असल्यामुळे हे विधान अधिकाराने करू शकतो.

या सदरात एरवी मी भाषा, सणवार आणि मुलांचे शिक्षण यांविषयी लिहितो. या खेपेचा विषय जरा तेलकट आहे. त्याला निमित्त झाले ते हैदराबादच्या एका वाचक भगिनींच्या पत्राचे. त्यांचे यजमान निवृत्त झाले आहेत. दारात चौदा वर्षांची मोठी गाडी उभी आहे. मुलगा म्हणतो, विकून टाका. यजमान म्हणतात, माझ्या डोळ्यांदेखत नको. ‘आपण काय कराल?’ असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देणे हा माझा व्यवसाय. पण हे उत्तर देण्यापूर्वी मला स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे. ती पुढे येईल.

मराठी घरांना मोटारीचे प्रेम काही आजचे नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना उभारला तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी. कुर्ल्याच्या त्या कारखान्यातून निघालेली फियाट आणि पुढे तिचीच ‘पद्मिनी’ झालेली गाडी एका संपूर्ण पिढीच्या लग्नकार्यांत, बाळंतपणांत आणि कुलदेवतेच्या यात्रांत सहभागी होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. उत्तरपाड्याची अँबॅसिडर २०१४ सालीच बंद झाली होती. मारुती ८०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. १९९४ साली आलेल्या टाटा सुमोचे नाव पुष्कळांना जपानी पैलवानांवरून ठेवलेले वाटते. वस्तुतः ती सुमंत मुळगावकर या थोर मराठी अभियंत्याच्या नावाची आणि आडनावाची आद्याक्षरे आहेत. सुमोही २०१९ साली थांबली. तात्पर्य, गाड्या बंद होतात. त्यांच्यावरील माया बंद होत नाही. अडचण तेथूनच सुरू होते.

माझी गाडी २०१० सालची. उंच देहाची, सात जणांची, डिझेलवर चालणारी. २०१६ साली ती मी दुसऱ्या मालकाच्या नात्याने घरी आणली. तिचे नाव आणि कुळ मुद्दाम सांगत नाही. कारण तिचे दोष कुळाचे नसून वयाचे, आणि थोडेफार मालकाचे आहेत. माझे वडील १९६६ साली शिक्षक म्हणून येथे आले. दादरा आणि नगर हवेलीची मुक्तता होऊन, म्हणजे २ ऑगस्ट १९५४ पासून, तेव्हा बारा वर्षे झाली होती. खेडोपाडीच्या शाळांत ते सायकलने आणि पुष्कळदा पायी जात. त्यांच्या अखेरच्या दोन वर्षांत याच गाडीतून आठवड्यातून दोनदा त्यांना वापीच्या इस्पितळात न्यावे लागे. पुढल्या आसनावर बसून ते रस्त्याकडे पाहत आणि म्हणत, ‘येथे पूर्वी नुसता चिखल होता.’ ते गेले त्याला आता चार वर्षे झाली. ते आसन मी अजून बदललेले नाही. जुनी गाडी माणूस का सोडत नाही, याचे कारण हिशेबाच्या वहीत सापडत नाही ते असे.

परंतु माया आंधळी असली, तरी मालकाने आंधळे असू नये. म्हणून जुन्या वाहनांची जी दुखणी मी इतक्या वर्षांत पाहिली, ती क्रमाने सांगतो.

पहिले दुखणे गंजाचे. गंज बाहेरून दिसतो तेव्हा आतून निम्मे काम झालेले असते. दाराच्या खालच्या कडेला पाणी निथळून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती पानांनी आणि मातीने बुजली, की पाणी दारातच साठते आणि पत्रा पोखरला जातो. पावसाळ्यापूर्वी एक काडी घेऊन ती छिद्रे मोकळी करणे हे पाच मिनिटांचे काम आहे. मी ते सहा वर्षे केले नाही आणि सातव्या वर्षी दोन दारांच्या डेंटिंग-पेंटिंगचे पैसे मोजले. पायांखालचे मॅट उचलून पाहण्याची सवयही ठेवावी. त्याखाली ओल असेल, तर गाडीत येणारा कुबट वास अगरबत्तीने जाणार नाही. उंच गाड्यांत, विशेषतः जुन्या जीपच्या घडणीच्या गाड्यांत, देह वेगळा आणि खालची चासी वेगळी असते. देहाला रंग देऊन विकणारे पुष्कळ असतात. म्हणून विकत घेणाऱ्याने आधी वाकून चासी पाहावी.

दुसरे दुखणे रबराचे. लोखंडाचे वय सर्वांना दिसते, रबराचे कोणी मोजीत नाही. हौज पाइप, पट्टे, बुश, दारांची रबरे हे सारे दहा-बारा वर्षांत कडक होऊन तडकते. खड्ड्यातून जाताना खालून येणारा ‘खडखड’ हा आवाज बहुधा झिजलेल्या बुशांचाच असतो. मोठ्या गाडीत गिअर टाकताच मागून ‘टक्’ असा आवाज आला, तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस पाहावा. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना आता आणखी एक काळजी आहे. देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि त्याच्यासाठी न बनविलेल्या जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. शिवाय तेवढ्याच मापाच्या पेट्रोलपेक्षा त्यात ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे गाडी लिटरमागे थोडी कमी धावली, तर लगेच पंपवाल्यावर संशय घेऊ नये. जुनी पेट्रोल गाडी असेल, तर इंधनाच्या नळ्या एकदा बदलून घ्याव्यात आणि टाकी महिनोन् महिने भरून ठेवू नये.

तिसरे दुखणे पाण्याचे आणि उष्णतेचे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी विहिरीचे जड पाणी ओतण्याची आपली जुनी खोड आहे. त्यातील क्षार नळ्यांत साचतात, पाणी फिरेनासे होते आणि वैशाखात काटा लाल रेघेला टेकतो. अशा वेळी झाकण उघडण्याची घाई केल्याने हात भाजून घेतलेले दोन शिक्षक मला ठाऊक आहेत. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास सावलीत बसावे, हाच मार्ग. कार्बोरेटरच्या गाड्यांत कडक उन्हात पेट्रोलच नळीत वाफ होऊन अडते. त्यावर आमचे वडीलधारे पंपावर ओले फडके ठेवीत. तो उपाय गावठी वाटतो. पण त्यामागील पदार्थविज्ञान अगदी शुद्ध आहे. नळी थंड झाली, की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि वाट मोकळी होते.

चौथे दुखणे विजेचे. बॅटरी उतरली, की आपण बॅटरी बदलतो. परंतु दोष पुष्कळदा अल्टरनेटरचा, सैल पट्ट्याचा किंवा पांढरी बुरशी चढलेल्या टर्मिनलचा असतो. आमच्याकडे भाताची कापणी झाली, की शेतातील उंदीर बेघर होतात आणि इंजिनाच्या उबेला येतात. एका रात्रीत त्यांनी माझ्या गाडीच्या तारा अशा कुरतडल्या, की सकाळी वायपर लावला तर हॉर्न वाजू लागला. आमच्या सौभाग्यवतींनी यावर एवढेच म्हटले, ‘निदान काहीतरी वाजते आहे.’

पाचवे दुखणे टायरचे. टायरच्या अंगावर एका लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात घडला. नक्षी शाबूत आहे म्हणून जुना टायर चांगला, असे नव्हे. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. निवृत्तांच्या गाड्यांत हा धोका अधिक.

आता सहावे दुखणे, आणि माझी चूक.

गेल्या वर्षी श्रावणात माझी पुतणी बडोद्याहून आपल्या दोन मुलांना घेऊन आली होती. रविवारी आम्ही सारे दुधनीला मधुबन धरणाचा जलाशय पाहण्यास गेलो. परतताना पाऊस भुरभुरत होता. खानवेलकडे येताना काही उतार लागतात. डिझेल वाचावे म्हणून मी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतो आणि ब्रेकवर हलका पाय ठेवतो. अशी माझी फार वर्षांची सवय होती. तिचा मला थोडा अभिमानही होता. त्या दिवशी गाडीत सात माणसे होती. एका उतारावर, समोर वळण दिसत असताना, ब्रेकचे पेडल माझ्या पायाखाली लोण्यात बोट जावे तसे खाली गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मागे मुले गाणे म्हणत होती.

कसाबसा तिसरा आणि मग दुसरा गिअर पडला. इंजिन ओरडले. हातब्रेक थोडा थोडा ओढत मी गाडी डोंगराच्या बाजूच्या चिखलात घातली आणि ती मातीला टेकून थांबली. कोणालाही इजा झाली नाही. काही क्षण कोणी बोलले नाही. मग सात वर्षांच्या नातवाने विचारले, ‘आजोबा, गाडी थांबत का नव्हती?’

तीस वर्षांच्या अध्यापनात विद्यार्थ्याच्या प्रश्नापुढे मी इतका निरुत्तर कधी झालो नव्हतो. कारण उत्तर मला ठाऊक होते. त्याच वर्षी चैत्रात आमच्या मिस्त्रींनी सांगितले होते, ‘सर, ब्रेक ऑइल काळे पडले आहे. बदलून टाकू.’ खर्च काही शे रुपयांचा होता. ‘पुढच्या खेपेस पाहू,’ असे मी म्हटले आणि त्याच आठवड्यात घरच्या लग्नासाठी आसनांना नवी कव्हरे आणि देहाला पॉलिश करून घेतले. गाडी आरशासारखी चमकत होती. तिला थांबता येत नव्हते, एवढेच.

ब्रेक ऑइल हा पदार्थ हवेतील ओलावा सतत शोषीत असतो. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. उतारावर ब्रेक सतत घासले, की उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबाला दाद देत नाही, म्हणून ब्रेक लागतो. वाफ मात्र दबते, म्हणून पेडल रिकामे जाते. या दोषाची खरी लबाडी पुढे आहे. अर्ध्या तासाने सारे थंड झाले आणि पेडल पुन्हा घट्ट लागू लागले. ‘काही नव्हते, उगाच घाबरलो,’ असे म्हणून निघणारे मालक पुष्कळ असतील. आम्ही निघालो नाही. पुतणी आणि मुले दुसऱ्या वाहनाने घरी गेली आणि गाडी टोचन करून गॅरेजात आणली.

मिस्त्रींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. काढलेले ऑइल त्यांनी काचेच्या पेल्यात धरून दाखविले. ते काळ्या चहासारखे दिसत होते. नंतर एवढेच म्हणाले, ‘सर, गाडी सांगत असते. ऐकणारा पाहिजे.’ वर्गात मी मुलांना हेच सांगत आलो आहे. शब्द तेवढे वेगळे असतात.

तेव्हापासून काही नियम मी स्वतःला घालून घेतले आहेत. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावयाचे. उतारावर गाडी कधीही न्यूट्रलमध्ये सोडावयाची नाही. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरावयाचा. उंच गाडी वजनाने जड आणि तोलाने वर असते, म्हणून तिच्या ब्रेकला आणि टायरला लहान गाडीहून अधिक सोसावे लागते, हे विसरावयाचे नाही. आणि खर्चाचा क्रम ठरलेला : आधी जे गाडीला थांबविते ते, मग जे वळविते ते, मग जे चालविते ते, आणि सर्वांच्या शेवटी जे मिरविते ते. पूर्वी माझा क्रम नेमका उलटा होता. पुष्कळ घरांत तो तसाच असेल, आणि केवळ गाडीच्याच बाबतीत असेल असे नव्हे.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांना कागदपत्रांचेही काही जुने दुखणे असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी वाढविली जाते. मोटारगाडीच्या या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. पुण्याच्या भावाची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून ती हैदराबादेस किंवा इंदुरास आणणारे पुष्कळ असतात. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे आणि नव्या राज्याचा कर भरावा लागतो. स्वस्त गाडीचा भाव हा कर धरूनच काढावा. नाहीतर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला अशी गत होते.

आणि गाडी विकणाऱ्यांनी एक गोष्ट मनात कोरून ठेवावी. पैसे हाती आले आणि किल्ली दिली, म्हणजे गाडी विकली गेली असे कायदा मानीत नाही. मालकीची नोंद बदलेपर्यंत कागदावर मालक आपणच असतो. अपघात झाल्यास तिसऱ्या पक्षाच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका निकालात स्पष्ट केले आहे. ओळखीचा माणूस आहे, म्हणून कोऱ्या अर्जावर सही करून मोकळे होणे हा भलेपणा नव्हे, तो निष्काळजीपणा आहे.

माझ्या गाडीला २०२५ साली पंधरा वर्षे पूर्ण झाली. मुलगा म्हणाला, ‘बाबा, आता पुरे.’ त्याचे म्हणणे मला पटले नाही असे नाही. मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हटले, ‘ही आपली गाडी आहे असे समजा. आपली नात तीत बसवाल का?’ ते चासीखाली शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले आणि त्यांनी कामांची यादी दिली. पुढचे बॉल जॉइंट, मागचे ब्रेक लायनर, सारे हौज पाइप आणि दोन टायर. ‘इतके केले तर बसवीन. न केले तर नाही.’ ते सर्व करून घेतले, तपासणी झाली, नोंदणी वाढली. वडिलांच्या आसनाचा पट्टा मात्र लटकत नसून घट्ट बसतो का, हे मी स्वतः पाहिले.

आता हैदराबादच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या यजमानांना विकण्याचा आग्रह करू नये आणि ठेवण्याचाही करू नये. त्यांना गॅरेजात पाठवावे आणि हाच एक प्रश्न विचारण्यास सांगावे : ‘यात आपली नात बसवाल का?’ मिस्त्रींच्या यादीतील सारे करण्याची ऐपत आणि तयारी असेल, तर गाडी खुशाल ठेवावी. ती म्हातारी असली तरी घरची आहे. तयारी नसेल, तर तिला कागदोपत्री रीतसर निरोप द्यावा. विकण्याजोगी नसेल, तर सरकारमान्य भंगार केंद्रात द्यावी आणि नोंदणी रद्द झाल्याचा दाखला मागून घ्यावा. मधला मार्ग, म्हणजे गाडी ठेवावयाची पण तिचे ऐकावयाचे नाही, तेवढा नको. तो मार्ग मी खानवेलच्या उतारावर चालून पाहिला आहे.

नातवाचे उत्तर मात्र मजकडे राहिले होते. दिवाळीत तो पुन्हा आला, तेव्हा त्याला अंगणात गाडीजवळ नेले, बॉनेट उघडले आणि ब्रेक ऑइलचा डबा दाखविला. ‘हे मी वेळेवर बदलले नव्हते, म्हणून गाडी थांबत नव्हती,’ असे सांगितले. त्याने थोडा विचार केला आणि विचारले, ‘मग आता बदलले?’

बदलले, म्हणालो. तेव्हा तो दार उघडून पुढल्या आसनावर जाऊन बसला. त्याला मागे बसविण्यास मला बरीच समजूत घालावी लागली.